सस्पेन्शनची खडखड: आधी निदान, मग पार्ट

पुढून 'खट्' आवाज आला की गॅरेजमध्ये पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "शॉकअप गेले." कधी ते खरंही असतं. पण स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन, टियागो अशा गाड्यांत बारीक खड्ड्यांवरची खटखट बऱ्याचदा लिंक रॉडची निघते, आणि लिंक रॉडची जोडी शॉकअपच्या मानाने किरकोळ पैशांत बसते. शॉकअप बदलले तरी आवाज तसाच, मग लोअर आर्म, मग स्टिअरिंग रॅक, अशी बिलांची रांग लागते ती निदान न करता पार्ट बदलल्यामुळे. म्हणून गॅरेजच्या दारात शिरण्याआधी एक गोष्ट पक्की करा: जो पार्ट बदलायचा, त्याचा ढिलेपणा, फाटलेलं रबर किंवा गळती मेकॅनिकने दाखवली पाहिजे. दाखवता येत नसेल तर निदान अजून झालेलंच नाही.

पुढची माहिती मुख्यतः पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा एकच आडवा बीम) असलेल्या छोट्या गाड्यांची आहे. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेदान याच मांडणीच्या.

गाडीखाली काय काय असतं

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. हा फरक डोक्यात ठेवला तर निम्मा गोंधळ जातो. गाडी एका बाजूला बसली असेल तर स्प्रिंग बघायची. खड्ड्यानंतर गाडी झोके घेत राहत असेल तर शॉकअप. पुढे हे दोन्ही एकत्रच असतात. शॉकअपभोवती स्प्रिंग, वर रबराचं माउंटिंग, त्याखाली स्टिअरिंगबरोबर फिरणारं बेअरिंग, आत बंप स्टॉपर आणि धूळ अडवणारं बूट. या सगळ्या जुळणीला स्ट्रट म्हणतात.

चाकाचा हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) खालून धरून ठेवतो तो लोअर आर्म. चेसिसच्या बाजूला त्याला दोन रबरी बुश असतात, चाकाच्या बाजूला एक बॉल जॉइंट. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी आडवी सळई म्हणजे स्टॅबिलायझर बार. तो चेसिसला डी-बुशने आवळलेला असतो, आणि त्याचं टोक स्ट्रटला (काही गाड्यांत लोअर आर्मला) लिंक रॉडने जोडलेलं असतं. स्टिअरिंग रॅकमधून निघणाऱ्या दांड्याला आतल्या बाजूला रॅक एंड आणि चाकाच्या बाजूला टाय रॉड एंड. एवढी नावं आली की मेकॅनिकशी बोलणं सोपं जातं.

गॅरेजला जाण्याआधी घरी

पहिली गोष्ट हवा. ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो ३० ते ३३ पीएसआयच्या आसपास असतो. पंपावरचा मुलगा विचारता विचारता ३८ भरून मोकळा होतो आणि मग प्रत्येक खडा सीटमध्ये जाणवतो. टायर थंड असताना हवा बरोबर करून दोन दिवस चालवा. 'सस्पेन्शन कडक झालं' ही तक्रार कधी कधी तिथेच मिटते.

दुसरी गोष्ट डिकी. मागून खडखड येत असेल तर जॅक, पाना, स्पेअर व्हीलचा मधला बोल्ट, पार्सल ट्रे, मागच्या सीटचं लॅच हे आधी बघा. सामान काढून, ट्रे काढून एक चक्कर मारा. सायलेन्सर धरणारी रबरं आणि बंपरखालचं प्लास्टिकचं गार्डही हाताने हलवून बघा. यासाठी गॅरेजची गरज नाही.

तिसरी, सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. एकाच एक्सलच्या डाव्या-उजव्या बाजूत दीड सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटला असण्याची शक्यता धरा. हा तुकडा खालच्या बशीतच अडकून राहतो, त्यामुळे वरून काही कळत नाही. कोकणपट्टीत, खाऱ्या हवेतल्या गाड्यांत बशीत साचलेल्या चिखलाखाली स्प्रिंग गंजून असं होतं.

आणि टायरवरून तळहात फिरवा. ठरावीक अंतराने खळगे-उंचवटे लागत असतील तर चाक रस्त्यावर उड्या मारतंय. कारण थकलेला शॉकअप किंवा बिघडलेलं बॅलन्सिंग. रबर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागत असेल तर टो (वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलीत ते) बिघडलाय. आतली कडच गुळगुळीत झाली असेल तर टो किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल).

ट्रायल: आवाज ओळखणं

म्युझिक बंद, एसीचा पंखा बंद, काचा खाली. वेग १० ते १५ किलोमीटर. आधी तुम्ही चालवा आणि मेकॅनिकला शेजारी बसवा, मग अदलाबदल करा. एकटा मेकॅनिक ट्रायल मारून आला तर तो कोणता आवाज ऐकून आला, हे तुम्हाला कळत नाही. तुमची तक्रार एक आणि त्याला ऐकू आलेला आवाज दुसराच, असं नेहमी होतं.

पेव्हर ब्लॉक किंवा उखडलेल्या डांबरावर बारीक, जलद टकटक येत असेल तर संशय दोघांवर, लिंक रॉड आणि स्टिअरिंग रॅक. वेगळं ओळखायला सोपी खूण आहे. स्टिअरिंगवर हात सैल ठेवा. टकटक बोटांना जाणवली तर रॅक, रॅक एंड किंवा टाय रॉड एंड. पायाखालच्या पत्र्याला जाणवली तर लिंक रॉड. आणखी एक परीक्षा: गतिरोधकावरून दोन्ही पुढची चाकं बरोबर एकाच वेळी जाऊ द्या, मग त्यावरूनच तिरकी गाडी घ्या म्हणजे एक एक चाक चढेल. सरळ जाताना स्टॅबिलायझर बारला पीळ पडत नाही, त्यामुळे लिंक रॉडचा आवाज दबतो. तिरकं जाताना तो वाढतो. (गतिरोधक शोधायला लांब जावं लागणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकात तो ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि २५ च्या वेगाने ओलांडता येईल असा गोलसर सांगितला होता. आपल्या गल्लीतला मोजून बघा.)

ब्रेक मारताना एकच जड 'ठक', आणि रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की पुन्हा एक 'ठक': हा लोअर आर्मच्या बुशचा आवाज, बहुधा मागच्या मोठ्या बुशचा. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की स्प्रिंग उडाल्यासारखा 'टंग' आला तर स्ट्रटचं वरचं बेअरिंग अडकतंय. गतिरोधकावर सावकाश जाताना कुईकुई येत असेल तर कोरडं पडलेलं रबर: डी-बुश किंवा आर्मचे बुश. पावसात किंवा गाडी धुतल्यावर हा आवाज तेवढ्यापुरता गायब झाला तर निदान पक्कंच. खोल खड्ड्यात 'धाड' करून पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखं झालं तर शॉकअपचा दम गेलाय किंवा आतला बंप स्टॉपर भुगा होऊन पडलाय.

काही आवाज सस्पेन्शनचे नसतातच. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं चाकाच्या बेअरिंगची. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं, तेव्हा ती वाढली तर डावं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कट-कट-कट आली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरलं तर आधी बॅलन्सिंग, फक्त ब्रेकवर थरथरलं तर डिस्क. आणि गिअर टाकताना, क्लच सोडताना धक्का बसत असेल तर इंजिन माउंटिंग बघायला सांगा. तो आवाज लोअर आर्मच्या बुशसारखाच भासतो आणि उगाच आर्म बदलला जातो.

जॅकवर: ढिलेपणा हाताने बघणं

मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, हॅंडब्रेक, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मग तो मेकॅनिक कितीही वर्षांचा असो. गाडीबरोबर आलेला जॅक तर केवळ चाक बदलण्यापुरता.

लिंक रॉड तपासताना एक चूक सर्रास होते. एकच चाक उचलून रॉड हलवला जातो. एक चाक खाली लोंबलं की स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो, लिंक रॉड ताणला जातो आणि त्याचा ढिलेपणा दिसतच नाही. म्हणून गाडी चारही चाकांवर गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या, नाहीतर पुढची दोन्ही चाकं उचला, मग रॉड हातात धरून जोरात हलवा. चांगला जॉइंट घट्ट फिरतो; गेलेला हातात टक टक वाजतो.

मग चाक. बारा आणि सहा वाजताच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटचे बोल्ट. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथला ढिलेपणा टाय रॉड एंडचा किंवा रॅक एंडचा. टाय रॉडच्या जॉइंटवर बोट ठेवून हलवलं की दोन्हींतला कोणता ते कळतं. रॅक एंड रबरी बेलोच्या आत असतो, तो बेलोवरूनच चिमटीत धरायचा.

बॉल जॉइंट चाक हलवून दर वेळी सापडत नाही. टॉमी (लांब लोखंडी पहार) लोअर आर्म आणि हबच्या मध्ये घालून वर-खाली दाब द्या आणि जॉइंटकडे बघत राहा. मिलिमीटरभरही स्पष्ट सरक दिसली तर तो जॉइंट थांबवून ठेवायचा नाही. बाकीचे पार्ट आवाज करतात. बॉल जॉइंट निखळला तर चाक फेंडरखाली आडवं पडतं आणि गाडी जागेवर बसते. घाटात हे होऊ द्यायचं नाही. जॉइंटवरचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलं असेल, तर आज ढिलेपणा नसला तरी एका पावसाळ्यात पाणी आणि चिखल आत जाऊन काम संपतं.

बुशसाठीही टॉमीच. पण जोर बेताने. टॉमीने ताकद लावली तर नवा बुशही हलतो. बघायचं ते हे: रबराला आरपार चीर आहे का, रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलंय का, आर्म एका बाजूला सरकून बसलाय का. वरवरच्या बारीक भेगा जुन्या रबराला असतातच, त्यावरून बुश बदलायची गरज नाही.

शॉकअपवर तेलकट ओलावा आणि तेलाची गळती यांत फरक आहे. सीलजवळ धूळ चिकटलेला पातळसा डाग चालतो. सीलपासून खाली ओघळ आला असेल आणि पुसून आठ दिवसांनी पुन्हा ओला झाला तर शॉकअप गेला. बॉनेटवर दाब देऊन सोडण्याची जुनी परीक्षा अवश्य करा, गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. पण तिच्यात पूर्ण मेलेले शॉकअपच सापडतात, अर्धवट थकलेले नाहीत. शेवटी बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगवर हात ठेवा आणि कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. स्प्रिंग अडखळत, झटक्याने फिरली की हाताला लगेच कळतं.

काय बदलायचं, किती बदलायचं

शॉकअप आणि स्प्रिंग एका एक्सलवर जोडीनेच बदला. एक नवा, एक जुना असला की ब्रेक मारताना आणि वळणावर दोन बाजू दोन तऱ्हेने वागतात. पुढचे बदलले म्हणून मागचेही बदलले पाहिजेत असं मात्र नाही. लिंक रॉड स्वस्त असतात, जोडीच घ्या. लोअर आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड यांचा जो गेला तेवढाच पुरतो.

स्ट्रट उघडला की बंप स्टॉपर, बूट आणि वरचं बेअरिंग यांची किंमत मजुरीच्या मानाने थोडी असते. जुना बंप स्टॉपर दाबल्यावर चुरा होत असेल तर नव्या शॉकअपवर तो चढवू नका. उद्या फक्त तेवढ्यासाठी पुन्हा पूर्ण स्ट्रट खाली काढावा लागेल.

लोअर आर्मच्या बाबतीत दोन वाटा आहेत. पूर्ण आर्म नवा घ्यायचा, किंवा जुन्यात बुश आणि बॉल जॉइंट बसवायचे. आर्म वाकलेला किंवा गंजून पत्रा पातळ झालेला नसेल तर बुश बदलणं ठीक आहे, पण ते हायड्रॉलिक प्रेसवर. हातोडीने ठोकून बसवलेला बुश तिरका जातो. गॅरेजमध्ये प्रेस नसेल तर आर्म काढून लेथवाल्याकडे पाठवतात. कोल्हापुरात उद्यमनगरला असं काम करणारी वर्कशॉप शेजारी शेजारी आहेत. प्रेस करण्याआधी जुन्या बुशच्या रबरातल्या पोकळ्या कोणत्या दिशेला होत्या त्याची खूण आर्मवर करून ठेवायची. मागच्या बुशमध्ये ही दिशा ठरवून दिलेली असते. ती फिरली की बुश नवा असूनही ब्रेकवर 'ठक' येतच राहतो.

पार्ट घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल हे आरसी बुकावरून सांगा. एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांत शॉकअप वेगळे असतात, आणि डिझेल इंजिन जड असल्यामुळे पुढची स्प्रिंगही वेगळी. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसचा बाजार यासाठी नावाजलेला. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातल्या मालाखेरीज गॅब्रिएल, मनरोचे शॉकअप आणि राणेचे टाय रॉड, बॉल जॉइंट ओळखीचे आहेत. खोक्यावरचा पार्ट नंबर, एमआरपी आणि पॅकिंगची तारीख बघा, पक्कं बिल घ्या. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून जुना हब किंवा सबफ्रेम आणणं समजू शकतं, पण जुना शॉकअप किंवा बॉल जॉइंट नको. आणि 'तेल भरून' दुरुस्त केलेला शॉकअप तर अजिबात नको. नळीला भोक पाडून, अंदाजे तेल ओतून वेल्डिंग मारलेल्या शॉकअपमध्ये मूळ गॅसचा दाब राहिलेला नसतो. महिना-दोन महिने गाडी बरी वाटते, मग पुन्हा तेच.

पुढचे शॉकअप बदलताना

हे काम सराईत माणूस दोन-तीन तासांत दोन्ही बाजूंचं करतो. तुम्ही उभे राहून बघणार असाल तर क्रम असा.

१. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल करायचे, मग जॅक, मग स्टँड, मग चाक काढायचं.

२. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या ब्रॅकेटमधून सोडवायची. हे विसरलं तर पुढच्या पायरीत वायर तुटते आणि मीटरवर एबीएसचा दिवा लागतो.

३. लिंक रॉडचा नट काढायचा. नटाबरोबर आतला बॉल फिरत असेल तर दांड्याच्या टोकाच्या खाचेत ५ किंवा ६ ची ॲलन की लावून धरायची. इथे इम्पॅक्ट गन मारली की चांगला लिंक रॉडही खलास.

४. स्ट्रट आणि हब जोडणाऱ्या दोन मोठ्या बोल्टांच्या जागी खडूने किंवा पंचने खूण, मग बोल्ट बाहेर. हब तारेने वर बांधून ठेवायचा. तो ब्रेक होजवर लोंबता कामा नये.

५. बॉनेटखालून माउंटिंगचे कडेचे नट काढून स्ट्रट बाहेर. मधल्या नटाला अजून हात लावायचा नाही.

या मधल्या नटाबद्दल वेगळं सांगायलाच हवं. स्प्रिंग दाबलेली असताना तो उघडला तर माउंटिंग आणि स्प्रिंग गोळीसारखे सुटतात. स्प्रिंग कंप्रेसरचे दोन हूक समोरासमोर लावून, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. स्प्रिंग बशीत हाताने फिरायला लागली की मगच मधला नट. कंप्रेसर नाही, आणि 'दोरी बांधून करतो' असं कुणी म्हणालं तर गाडी उचलून दुसऱ्या गॅरेजला न्या.

नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढायचा, म्हणजे पडून राहिल्यामुळे आत शिरलेली हवा वर जाते. मधला नट आवळताना शॉकअपचा चकचकीत दांडा पक्कडीने धरायचा नाही. त्यावर उठलेला एक ओरखडा प्रत्येक खड्ड्याला सील कापत राहतो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळायला लागतो. 'माल डुप्लिकेट निघाला' म्हणून जे शॉकअप परत येतात, त्यांच्या दांड्यावर आधी पक्कडीचे दात शोधा. स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या पायरीला टेकलेलं हवं. बोटभर फिरून बसलं तरी आवाज करतं.

चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो; तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. स्ट्रटचे बोल्ट आणि बॉल जॉइंटचा नट यांचे आकडेही गाडीगणिक वेगळे असतात. बॉल जॉइंटला कॉटर पिन असेल तर ती नवीच घालायची.

बुशचे बोल्ट कधी आवळायचे

नवा लोअर आर्म सहा महिन्यांत पुन्हा वाजायला लागतो, त्यामागे बऱ्याचदा मालाचा दोष नसतो, आवळण्याचा असतो. बुशची बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट, आतली नळी बोल्टने चेसिसला घट्ट, आणि मधलं रबर दोन्हींना चिकटवलेलं. आर्म वर-खाली होतो तो या रबराला पीळ देऊन. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबरासाठी तीच मूळ जागा ठरते. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहतं. वर खड्डे आहेतच. रबर फाटतं.

बरोबर पद्धत: बोल्ट नुसते हाताला लागेपर्यंत बसवा, चाक लावा, गाडी खाली उतरवा, एक-दोनदा दाबून सोडा, मग खड्ड्यात किंवा रॅम्पवर खालून टॉर्क द्या. रॅम्प नसेल तर लोअर आर्मच्या चाकाकडच्या टोकाखाली दुसरा जॅक लावून गाडी स्टँडवरून उचलायच्या बेतात येईपर्यंत वर घ्या आणि तशा अवस्थेत आवळा. मागच्या बीमच्या बुशला आणि शॉकअपच्या खालच्या बोल्टलाही हाच नियम. दहा मिनिटांचं जास्तीचं काम आहे, म्हणूनच ते टाळलं जातं. काम सुरू होण्याआधीच हे सांगून ठेवा.

अलाइनमेंट

स्ट्रट, लोअर आर्म, टाय रॉड एंड, रॅक एंड यांपैकी काहीही उघडलं तर अलाइनमेंट करावंच लागतं. लिंक रॉड किंवा डी-बुशसाठी नाही. टाय रॉड एंड काढताना चेकनटची खूण करून, किती आटे फिरून तो बाहेर आला ते मोजून ठेवलं तर अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी निदान सरळ जाते.

आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंटआउट मागा. या गाड्यांत बहुधा फक्त पुढचा टो जुळवता येतो. कॅम्बर, कॅस्टरला (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) सोयच नसते. त्यामुळे प्रिंटआउटवर कॅम्बर लाल, म्हणजे मर्यादेबाहेर, दिसत असेल तर काहीतरी वाकलंय किंवा ढिलं आहे. अशा वेळी काही दुकानांत यंत्र लावून स्ट्रट ओढून वाकवतात आणि त्याला 'कॅम्बर करेक्शन' म्हणतात. कागदावर आकडा हिरवा होतो. पण वाकलेल्या नळीत दांडा घासत राहतो. आधी स्ट्रटचे बोल्ट, बॉल जॉइंट, बेअरिंग आणि बुश तपासायला लावा.

गाडीखाली काय करू नये

पावसाळ्यानंतर सर्व्हिसिंगला गाडी नेली की 'खालून डिझेल मारू का?' असं विचारतात. गंज सैल होतो, आवाज दोन दिवस थांबतो, पण डिझेल आणि साधं ऑइल रबराला फुगवून मऊ करतं. बुश, बूट, डी-बुश सगळ्यांचं आयुष्य घटतं. डी-बुशची कुईकुई असेल तर तो सोडवून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावा. रबर बसून गेलं असेल तर नवा घाला, स्वस्त पार्ट आहे.

स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे रबरी बफर ग्राउंड क्लिअरन्स वाढवायला विकले जातात. बफर बसलेल्या जागचे वेढे काम करत नाहीत, उरलेल्यांवर सगळा ताण येतो आणि शॉकअपच्या चालीचा हिशोबही बिघडतो. गाडी बसली असेल तर स्प्रिंगची जोडी बदलणं हाच इलाज.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत मागची बाजू बसते, कारण सिलिंडर आणि स्टँड मिळून जवळपास एका माणसाचं वजन कायम डिकीत असतं. कंपनीतून सीएनजी आलेल्या गाड्यांत मागची स्प्रिंग त्या हिशोबाने दिलेली असते. आपल्या मॉडेलला तसा पार्ट नंबर आहे का, ते काउंटरवर विचारा.

बोलेरोसारख्या गाडीत मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. तिथे मेन पाटा तुटलाय का, पाटे बांधणारा सेंटर बोल्ट शाबूत आहे का, यू-बोल्ट सैल आहेत का आणि शॅकलचे बुश झिजलेत का, एवढं बघा. पाटे बदलल्यावर यू-बोल्ट काही दिवस भार वाहून झाल्यावर पुन्हा आवळावे लागतात. जुनी इनोव्हा आणि इनोव्हा क्रिस्टाला पुढे वरही आर्म आहे, म्हणजे बॉल जॉइंट आणि बुश जास्त. तपासणीची रीत तीच.

गाडी ताब्यात घेताना

जुने पार्ट परत मागा आणि तिथेच हातात घेऊन बघा. लिंक रॉड हातात वाजतो का, शॉकअप दाबल्यावर कुठेतरी विनाप्रतिकार आत जातो का. मग ज्या रस्त्यावर पहिली ट्रायल घेतली त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, मेकॅनिकला बरोबर घेऊन पुन्हा जा. स्टिअरिंग मधोमध आहे का, सोडल्यावर स्वतःहून परत येतं का, गाडी एका बाजूला ओढते का, हे तिथेच सांगायचं.

शंभर-दोनशे किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घ्या. तेवढ्यात नव्या स्ट्रटमधून खटखट सुरू झाली तर शॉकअपला दोष देण्याआधी वरचा मधला नट, लिंक रॉडचा नट आणि ब्रेक होजचं ब्रॅकेट या तीन जागा बघायला सांगा. काम केल्या केल्या येणारा आवाज बहुधा यातल्याच एखाद्या ठिकाणी पाना नीट न फिरल्याचा असतो.